मुळांवरचा चिखल

सारिनने फेकलेली तरव्याची, भाताच्या रोपांची, जुडी थावीच्या पायाशी येऊन आदळली आणि चिखलाचं पाणी तिच्या तोंडावर उडालं. तिने गमछ्याच्या टोकाने तोंड पुसलं, जुडी उचलली, मुळांकडे पाहिलं आणि सगळ्या बायांना दिसेल अशी वर धरली.

"बघा. रोपं दिलीत की ढेकूळ दिलंय?"

ओळीतल्या दोघी-तिघी हसल्या. वाकलेलं कुणी सरळ झालं नाही.

"लाव पुढे," खेम आजी म्हणाली. खाचर तिचं होतं. "वेळ कुठं आहे?"

"लावते की. पण आजी, या मुळांत बोट शिरत नाही. चिखल सोडवू का लावणी करू?"

चेंदा त्याच ओळीत शेवटी होती. तिने मान वर केली नाही. जुडीतून चार रोपं सुटी करायची, अंगठ्याने चिखलात खुपसायची, एक पाऊल मागे सरायचं. तिच्याही हातातली जुडी जड होती. मुळांना धरून आलेला काळा गोळा तिने पाण्याखालीच बोटांनी खरवडला, कुणाला दिसू नये असा. तो तिच्याच भावाच्या हातचा होता.

पाऊस यंदा फार उशिरा आला होता. तोवर तरवा वाफ्यात उभ्याउभ्या जून होत गेला, काही रोपांच्या बुडाशी गाठी धरल्या. आता पाणी आलं होतं आणि प्रत्येक घराला घाई होती. गावातले पुरुष राजधानीत, नॉम पेन्हला, इमारतींवर विटा वाहत होते. चेंदाचा नवराही तिकडेच होता. मागे उरलेल्या बायांनी सावड धरली होती. जितके हात तुम्ही दुसऱ्याच्या खाचरात द्याल तितके तुमच्या खाचरात येतील, आणि ज्याचं खाचर त्याच्या घरचं जेवण. चेंदाच्या घरचे हात दोन माणसांचे. एक ती आणि दुसरा तिचा भाऊ सारिन.

सारिनची तिशी उलटली होती. तो बोलायला उशिरा शिकला आणि थोडंच शिकला. त्याला आकडे येत नव्हते. बाजारात सोडलं तर तो परत यायचा नाही. पण तरवा उपटायला त्याच्यासारखा माणूस नव्हता. वाफ्यात उभा राहून तो मूठभर रोपं ओढायचा, डावा पाय गुडघ्यात उचलायचा आणि तळव्याच्या कडेवर मुळं आपटायचा. चिखल झडायचा. मग बांबूच्या सालीने जुडी बांधून तो मागच्या बाजूला ठेवायचा. इथे सगळेच तरवा असाच पायावर झाडतात. पण सारिनच्या जुडीची मुळं धुतल्यासारखी पांढरी असायची. लावणारणींमध्ये त्याच्या जुड्यांसाठी ओढाताण व्हायची. गेल्या वर्षी थावीच म्हणाली होती, "माझ्या ओळीला सारिनचा तरवा द्या बाई, माझी नखं तरी शाबूत राहतील."

आता तो झाडतच नव्हता. ओढायचं, बांधायचं आणि फेकायचं.

दुपारी बांधावरच्या ताडाखाली जेवणं झाली. सावडीच्या जेवणाची रीत ठरलेली होती. ज्याने पूर्ण दिवस दिला त्याला घरधनीण आपल्या हाताने वाढते. सोबत आलेल्यांनी, मुलाबाळांनी पातेल्यातून आपापलं घ्यायचं. खेम आजी एकेकीपुढे ओणवी होऊन भात घालत होती, वर चिंचेच्या रश्श्यातला मासा. चेंदाला वाढलं. पुढे सारिन होता. तो बांधाच्या कडेला पाय पाण्यात सोडून बसला होता. आजी क्षणभर थांबली, मग पातेलंच त्याच्याकडे सरकवलं.

"घे बाबा. हवं तेवढं घे."

आवाजात राग नव्हता. चेंदाला तेच जास्त लागलं. रागावली असती तर भांडता आलं असतं.

सारिनने पातेल्याकडे पाहिलं. त्याने काहीच घेतलं नाही.

"खा," चेंदा म्हणाली.

"नको."

"खा म्हणते ना. चार माणसांत तमाशा नको."

त्याने एक घास घेतला आणि गालात धरून ठेवला.

खेम आजी चेंदाजवळ येऊन उकिडवी बसली. सुपारीचा तुकडा दाढेखाली सारत हळू आवाजात म्हणाली, "चेंदा, मनाला लावून घेऊ नकोस. परवा तुझं खाचर. आम्ही येऊ. पण त्याचा दिवस यंदा अर्धा धरू या."

"आजी, इतकी वर्षं पूर्ण धरलात."

"इतकी वर्षं त्याने पूर्ण दिला."

"अर्धा तरी कशाला?" थावी पलीकडून म्हणाली. "त्याने करायचं ते आपणच निस्तरतोय. माझं म्हणणं वाईट वाटेल, पण त्याला घरी ठेव. एवढं वय झालं, आता डोकं आणखी उतरायला लागलं असेल. अशांचं उतरतं लवकर."

सारिन ऐकत होता. त्याच्यासमोर लोक असंच बोलायचे, गुरांसमोर बोलावं तसं. त्याने घास गिळला, उठला आणि कुणी न सांगता वाफ्याकडे गेला. चालताना तो पाय ओढत होता. चेंदाला वाटलं, रुसलाय.

घर उंच खांबांवर होतं; शिडीशी पाण्याचा रांजण होता आणि त्यावर नारळाची करवंटी. सगळं गाव संध्याकाळी पाय धुऊन वर चढतं. सारिन तर बोटांच्या बेचक्या घासायचा, पाणी स्वच्छ पडेपर्यंत. चेंदाच त्याला ओरडायची, पाणी वाहून आणताना माझी पाठ मोडते म्हणून. त्या संध्याकाळी तो रांजणाजवळ गेलाच नाही. घराच्या खांबांमध्ये, गायीशेजारी झोळी बांधलेली होती तिच्यात जाऊन पडला.

"वर ये."

"नको."

"आजी बोलली म्हणून? बोलू दे. वर ये, भात गार होतोय."

तो तोंड फिरवून पडून राहिला. चेंदाने कपाळाला हात लावला तेव्हा चटका बसला. वारं बाधलं असणार; ते नाण्याने खरवडून काढायची गावची रीत होती. तिने मलमाची डबी आणि नाणं आणलं, त्याला बसता केला आणि पाठीवर, बरगड्यांच्या रेघांवर नाण्याने लाल पट्टे उमटेपर्यंत खरवडलं. एरवी तो गुदगुल्या होतात म्हणून हसायचा. आज दात आवळून बसला. पायांना ढोपरापर्यंत वाळलेल्या चिखलाचे मोजे होते.

"पाय तरी धू, डास बसतील."

त्याने पाय झोळीत ओढून घेतले.

सकाळी ताप तसाच होता. सावडीला निरोप धाडून चेंदाने त्याला सायकलच्या कॅरियरवर बसवलं आणि आरोग्य केंद्रावर नेलं. निरोप ऐकून थावी काय म्हणाली असेल ते तिला चाकांच्या आवाजातही ऐकू येत होतं.

केंद्रावर लसीचा दिवस होता. बाकांवर लेकुरवाळ्या बाया दाटीवाटीने बसल्या होत्या. नर्स दालिन वर्षभरापूर्वी इथे आलेली, वयाने लहान, सकाळपासून उभी. तिने चेंदाला विचारलं, "काय होतंय याला?"

"ताप आहे, बाई. कामात लक्ष नाही. वस्तू फेकतो."

"आधीपासून फेकतो?"

"नाही. या लावणीतच."

"अशांचं होतं तसं. गडबड, आरडाओरडा सोसत नाही." दालिन छाती तपासायची नळी कानाला लावून पुढे झाली. सारिन दचकून मागे सरला आणि स्टूल आडवं झालं. एक पोर रडायला लागलं. बाकावरच्या बायांनी आपापली मुलं जवळ ओढली.

"धरायला कुणी पुरुष माणूस नाही आणलं?" दालिन म्हणाली. तिने लांबूनच ताप मोजायची काचेची नळी त्याच्यापुढे धरल्यासारखं केलं, मग तीही खाली ठेवली. "तापाच्या गोळ्या देते. घरी निवांत ठेव. पाणी पाज."

चेंदाने मान खाली घालून गोळ्या घेतल्या. स्टूल तिने स्वतः उभं केलं.

तिसरा दिवस तिच्या खाचराचा. उजाडण्याआधी उठून तिने चुलीवर भाताचं मोठं पातेलं चढवलं आणि तांदूळ शिजेपर्यंत वाफ्यात उतरली. सारिन झोळीतच होता. बायांनी यायच्या आत जमेल तेवढा तरवा तिला एकटीनेच उपटून ठेवायचा होता. जून रोपं चिवट होती. ती दोन्ही हातांनी ओढायची, मग डावा पाय उचलून तळव्याच्या कडेवर आपटायची. वर्षानुवर्षं हे काम सारिनकडे असल्यामुळे तिच्या पायाला सवय राहिली नव्हती. थोड्याच जुड्या झाल्या आणि तळव्याची कड लाल होऊन झोंबायला लागली. पुढची मूठ तिने न झाडता तशीच बांधली.

बांधून झाल्यावर ती हातातल्या जुडीकडे बघत राहिली. मुळांना काळा चिखल धरून होता. हुबेहूब सारिनच्या जुडीसारखा.

ती तशीच, चिखलाच्या हातांनी घराकडे पळाली.

"सारिन, पाय दाखव."

त्याने पाय आवळले.

"डावा पाय दाखव. मी मारत नाही."

"काम," सारिन म्हणाला. झोळीतून उतरायला लागला. "काम. येतो काम."

"कामाचं नाही बोलत मी. पाय."

तिने घोटा धरला तेव्हा त्याने इतक्या जोराने पाय झटकला की ती गायीच्या दावणीवर जाऊन पडली. पण हात लागला होता. चिखलाच्या मोज्याखाली पाय तापलेल्या तव्यासारखा होता आणि मऊ, फुगलेला.

तिकडे बांधावरून बायांचे आवाज यायला लागले होते. पातेल्याखालचा जाळ वर आला होता. चेंदा उठली, जाळ ओढला, भात अर्धवट शिजला होता. ती क्षणभर चुलीपाशी उभी राहिली. आज हे खाचर लागलं नाही तर सावडीची पाळी पुन्हा फिरून येईपर्यंत तरवा उरणार नव्हता. घरधनीण नसलेल्या खाचरात सावड आली, असं गावात कधी झालं नव्हतं. तिने एक उपटलेली जुडी उचलून सायकलच्या टोपलीत टाकली. का टाकली ते तिलाही नीटसं ठाऊक नव्हतं. मग सारिनला कॅरियरवर बसवलं.

बांधावर खेम आजी समोरच आली. मागे थावी आणि बाकीच्या.

"कुठं निघालीस?"

"दवाखान्यात. पाय सुजलाय त्याचा."

"आत्ता? आणि आमचं?"

"जुड्या काढून ठेवल्यात थोड्या. भात कच्चा आहे, आजी. चुलीवर आहे."

"म्हणजे आम्हीच रांधायचं का आता तुझ्या घरी?" थावी म्हणाली.

चेंदाने पायडल मारलं. पाठीला सारिनचं कपाळ टेकलेलं होतं, सदऱ्यातून आरपार जाणवणारं.

केंद्रावर आज गर्दी नव्हती. दालिन पायऱ्यांवर बसून चहा पीत होती. दोघांना पाहून तिने कप खाली ठेवला.

"गोळ्या दिल्या ना मी."

"ताप पायातला आहे, बाई. पण तो दाखवत नाही. धरलं तर लाथ मारतो."

"धरू नकोस मग." दालिनने सारिनकडे पाहिलं. पहिल्यांदाच त्याच्याकडे. "दादा, पाय दुखतो?"

सारिनने चेंदाकडे पाहिलं आणि मान हलवली. नाही.

चेंदाने टोपलीतली जुडी काढून त्याच्या हातात दिली. "झाड."

हातात रोपं आली तसा सारिन उभा राहिला. सवयीने डावा पाय उचलला. तिथेच थांबला, पाय खाली ठेवला आणि उजवा उचलला. सगळा भार डाव्यावर आला. त्याच्या तोंडातून आवाज निघाला नाही, पण ओठ पांढरे पडले आणि तो भिंतीला धरून बसला.

दालिन पायरीवरून उठून त्याच्यासमोर जमिनीवर मांडी घालून बसली. चप्पल काढली. जुडी घेतली आणि आपल्या पायावर आपटली.

"असं का, दादा?"

सारिनने तिच्याकडे पाहिलं. मान हलवली. तिचा पाय बोटाने थोडा तिरपा केला. "इथं."

"इथं. बरं." तिने पुन्हा आपटली. मातीचे कण तिच्या पांढऱ्या झग्यावर उडाले. "आणि तुझा पाय? तुझ्या पायावर आपटलं तर काय होतं?"

सारिनने बहिणीलाच विचारलं, "सांगितलं तर घरी?"

"काय?" दालिन म्हणाली.

"दुखतं म्हटलं तर घरी बसायचं. ताई म्हणाली."

दालिन चेंदाकडे बघायला लागली. चेंदा भिंतीकडे. आई गेली त्या वर्षी सावडीतल्या बाया सारिनला घ्यायला तयार नव्हत्या, तेव्हा बांधावर उभं करून तिनेच त्याला रोज सकाळी बजावलं होतं. थांबायचं नाही, रडायचं नाही, दुखतंय म्हणायचं नाही. म्हणालास तर घरी बसवतील. तो बाकी सगळं विसरायचा. हे विसरला नव्हता.

"नाही," ती म्हणाली. "दुखतं म्हटलं तरी काम. घरी नाही बसवणार कुणी."

असं वचन द्यायचा तिला काही अधिकार नव्हता. ते देणं सावडीच्या हातात होतं.

"दुखतं," सारिन म्हणाला, आणि डावा पाय दालिनपुढे सरकवला.

कोमट पाण्याने चिखल सुटत गेला तशी आतली कातडी दिसायला लागली, जांभळी, ताणलेली. तळव्याच्या कडेला, जिथे मुळं आपटायची नेमकी तिथेच, एक काळं तोंड होतं. दालिनने चिमट्याने खेचून काढला तो खाचरातल्या गोगलगायीच्या शंखाचा टवका होता, नखाएवढा. मागोमाग पू आला. सारिनने चेंदाचं मनगट धरलं होतं. तो "दुखतं, दुखतं" म्हणत राहिला, सबंध वेळ, एखादा नवा शब्द हाताळून बघावा तसा.

"घोट्यापर्यंत लाल रेघ आलीये, बघ," दालिन म्हणाली. "आणखी वर गेली असती तर शहरातल्या दवाखान्यात न्यावं लागलं असतं. पाय राहिला असता का ते मला सांगता यायचं नाही." मग पट्टी गुंडाळता गुंडाळता, वर न बघता, "त्या दिवशी मी पाय बघायला हवे होते." सुई टोचण्याआधी ती त्याला म्हणाली, "दादा, ही टोचणार आहे. चालेल?" चेंदाला नाही विचारलं. पट्टी रोज बदलायला यायचं आणि पाय पाण्यात घालायचा नाही, हेही तिने त्यालाच दोनदा सांगितलं.

उन्हं कलल्यावर ती परतली तेव्हा खाचरात कुणी नव्हतं. अलीकडच्या अर्ध्यात रोपांच्या ओळी उभ्या होत्या. पलीकडे नुसतं पाणी, त्यात ढग. चुलीवरचं पातेलं रिकामं, घासून पालथं घातलेलं.

खेम आजी चेंदाच्याच घराच्या सावलीत सुपारी कातरत होती. "जुड्या होत्या त्या लावल्या, थोड्या आम्ही उपटल्या," ती म्हणाली. "भात आम्हीच शिजवला. मीठ सापडलं नाही. अळणी भातावर माणूस किती वाकणार?"

"नाही वाकणार, आजी."

"शंखाचा टवका होता म्हणे. केंद्राकडून आलेली एक सांगत होती."

"हो."

"कधीपासून?"

"त्यालाच ठाऊक. आपण विचारलं नाही."

आजीने अडकित्ता थांबवला. चेंदाने उरलेलं अर्धं खाचर पुढे एकटीने, पहाटे आणि कामावरून आल्यावर लावलं. ती रोपं पिवळी पडली आणि शेवटपर्यंत बुटकीच राहिली.

थावीच्या खाचराचा दिवस आला तेव्हा सारिनच्या पायाला अजून पट्टी होती. चेंदाने त्याला घरी ठेवलं असतं. पण पहाटे तो कपडे घालून शिडीखाली उभा होता, डाव्या पायाला प्लास्टिकची पिशवी बांधून. ती त्याला घेऊन गेली आणि बांधावर पालथ्या टोपलीवर बसवलं. "बाया उपटतील ते तू बांध."

थावीने पाहिलं. कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "याचा दिवस कसा धरायचा? पाण्यात उतरणार नाही म्हणतेस."

चेंदाने रात्रभर जुळवलेलं उत्तर द्यायला तोंड उघडलं.

"दुखतं," सारिन म्हणाला.

मोठ्याने म्हणाला. वाफ्यातल्या बाया उपटायच्या थांबल्या. त्याने पिशवीतला पाय थोडा उचलून दाखवला आणि मग प्रत्येकीच्या तोंडाकडे पाहिलं, एकेक करून. चेंदाकडे पाहिलं नाही. कुणी घरी जा म्हणतंय का, याची तो वाट बघत होता.

खेम आजी गमछा कमरेला खोचत वाफ्यात उतरली. "दुखतं तर बसून कर," ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने, पाठ वळवूनच, "थावी, तुझी कंबर धरली होती त्या साली तू बांधावर बसून चहाच केलास ना लावणीभर?"

"केला."

"मग तो दिवस आम्ही कसा धरला?"

थावीने मूठभर रोपं ओढली, पायावर एकदा आपटल्यासारखं केलं आणि बांधावर सारिनपुढे टाकली. त्याने उचलली. उलटी करून मुळं पाहिली. बोटाने चिखल दाबून पाहिला. मग ती जुडी न बांधताच तिच्याकडे परत फेकली.

"चिखल," तो म्हणाला.

बाया हसल्या. थावीचं तोंड लाल झालं. तिने ती रोपं उचलली, पाय गुडघ्यात वाकवला आणि मुळं पांढरी होईपर्यंत झाडत राहिली.

दुपारी ताडाखाली थावी ओणवी होऊन वाढत होती. चेंदाने ताटातून वर पाहिलं नाही. पळीचा आवाज एकेकीजवळून सरकत आला, तिच्यापुढे थांबला, तिच्या ताटात भात पडला. पुढे सारिन होता. आवाज थांबला.

"ताट नीट धर," थावी म्हणाली. "सांडेल."